मावळ मोजायचे कोणी?

राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून जी फेररचना झाली, तीत एक महत्त्वाची गोष्ट फारशी चर्चा न होता घडून गेली. संशोधनपद्धती हा विषय पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्याला आरंभीच अनिवार्य झाला. त्यापाठोपाठ क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी शोधप्रकल्प, अशी ही साखळी आहे. याआधी मार्गदर्शिका पाठ करून समाजशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा एम. ए. होणे शक्य होते. एकही कुटुंब, एकही दप्तर, एकही हिशेबाची वही स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता पदवी पदरात पडू शकत असे. ती सोय आता निदान कागदोपत्री तरी राहिलेली नाही.

हा बदल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि संशोधनपद्धती शिकवणे निराळे आणि संशोधन घडणे निराळे. व्याख्या, प्रकार, गुण, दोष आणि निष्कर्ष या पाच मथळ्यांखाली कोणताही विषय निर्जीव करण्याची कला आपल्या परीक्षापद्धतीला साधलेली आहे. संशोधनपद्धतीचेही तसेच होणार असेल, तर पाठांतराच्या ओझ्यात एका पुस्तकाची भर पडेल, इतकेच. हे टाळायचे असेल तर या विषयाला जमीन हवी. ती जमीन म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा तालुका. पुणे जिल्ह्यातील मावळचे उदाहरण घेऊन हा विचार मांडावयाचा आहे.

मावळच का, असे कोणी विचारील. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध हा तालुका आहे. महाराष्ट्राच्या विकासाचे जे जे म्हणून प्रश्न आहेत, ते सारे येथे एका तालुक्यात दाटीने नांदत आहेत. धरणे आहेत आणि धरणग्रस्त आहेत. द्रुतगती महामार्ग आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना डोंगरात दडलेल्या वाड्या आहेत. तळेगावची कारखानदारी आहे, वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ आहे, लोणावळ्याचे बंगले आहेत आणि त्या बंगल्यांची राखण करणारी माणसेही आहेत. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत शिकलेली मुले आज बसने लोणावळ्याला, तळेगावला किंवा पुण्याला जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेतात. त्यांच्या हाती संशोधनाचे साधन येते आहे. त्या साधनाने ती काय मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

सामाजिक धोरण म्हणजे काय?

सामाजिक धोरण हा शब्द आपल्याकडे सैलपणाने वापरला जातो. कोणी त्याचा अर्थ दानधर्म असा घेतो, कोणी शासकीय योजनांची यादी असा. वस्तुतः हे शास्त्र चार रोखठोक प्रश्नांभोवती उभे आहे. शिक्षण, आरोग्य, पाणी, निवारा, रोजगार, पुनर्वसन यांपैकी कोणती जबाबदारी समाजाने सामुदायिक रीतीने उचलावी? तिचा लाभ कोणाला मिळावा? तिचा खर्च कोणी सोसावा? आणि लाभ ठरल्याप्रमाणे पोचतो की नाही, याचा पडताळा कसा घ्यावा? पहिल्या तीन प्रश्नांवर मतभेद असणार. ते लोकशाहीचे लक्षणच आहे. चौथा प्रश्न मात्र नुसत्या मतांनी सुटत नाही. तेथे पद्धत लागते. म्हणूनच सामाजिक धोरण आणि संशोधनपद्धती हे दोन विषय जोडीने शिकवावे लागतात. पद्धतीवाचून धोरण म्हणजे घोषणा; धोरणावाचून पद्धत म्हणजे नुसते आकडेमोडीचे कसब.

इंग्लंडात या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. रिचर्ड टिटमस १९५० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक झाले आणि त्यांनी या अभ्यासाला आकार दिला. आपल्याकडे त्याआधीच, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. योगायोग असा, की मावळ-मुळशीच्या धरणांवर जे नाव आहे, तेच समाजकार्याच्या या पहिल्या शाळेवरही आहे. वळवण आणि ठोकरवाडी येथे मावळचे पाणी अडवून ते घाटाखाली सोडले गेले, त्यातून वीज झाली आणि ती मुंबईला गेली. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्या लढ्याचा साक्षेपी अभ्यास पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी प्रथम मराठीत लिहिला. इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये आला. घटना आणि तिचा सांगोपांग अभ्यास यांत पाऊणशे वर्षांचे अंतर पडले, हेही आपल्या विद्याव्यवहारावरील भाष्यच म्हणावे लागेल.

आपलीच परंपरा

सामाजिक पाहणीचे शास्त्र परदेशातून आयात करावयाचे आहे, अशी समजूत विद्यार्थ्यांत असते. ती चुकीची आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे इंग्रज खरे, पण त्यांनी अभ्यासले ते पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की १७७१ मध्ये ज्या गावात सरासरी धारणा चाळीस एकरांची होती, तेथे १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. एका गावाच्या दप्तरातून दीडशे वर्षांचा इतिहास बोलका झाला. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणाक्षेत्रांवरील आपल्या निबंधात एक मूलगामी मुद्दा मांडला: नुसता एकरांचा आकडा काही सांगत नाही, त्या जमिनीवर किती माणसे, किती बैल, किती अवजारे आणि किती भांडवल आहे, यावरून ती धारणा लहान की मोठी हे ठरते. आकडा आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी आहेत, हा संशोधनपद्धतीचा पहिला पाठ या दोन लेखनांतून शिकवता येतो. त्यासाठी शिकागोला जाण्याची गरज नाही.

दुसरा पाठ १९५७ चा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी मुंबई राज्यातील १९४८ च्या कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी प्रसिद्ध केली. कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी दप्तरात होत्या. पाहणी करणारे शेतावर गेले, तेव्हा त्या स्वखुशीबद्दल गंभीर शंका उत्पन्न झाली. कायदा झाला होता, पण गावात तो झाल्याच्या खुणा फारशा दिसत नव्हत्या. दप्तर हा पुरावा असतो. पण दप्तर कोणी लिहिले, हेही विचारावे लागते.

तिसरा पाठ वादाचा आहे. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० उष्मांक हे प्रमाण धरून त्यांनी १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक अपुऱ्या अन्नावर जगतात, असा निष्कर्ष काढला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. माणसामाणसाची आणि एकाच माणसाची दिवसादिवसाची गरज बदलते. म्हणून सरासरी हीच सीमारेषा मानणे अशास्त्रीय आहे, असे त्यांचे म्हणणे. दोघेही पुण्यातले, दोघेही आपापल्या शास्त्रात निष्णात. माहिती तीच, पण व्याख्या बदलताच उपाशी माणसांची संख्या कोटींनी खालीवर होते. हा वाद ज्याने मन लावून वाचला, त्याला ‘दारिद्र्यरेषेखालील यादी’ हे शब्द पुन्हा कधी सहज वाचता येणार नाहीत.

मावळचे प्रश्न

आता मावळकडे वळू. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ मध्ये. म्हणजे बुडणारी गावे आधी बुडाली आणि कायदा मागाहून आला. पुढे धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद नळातून पाणी नेण्याची योजना आली. तिला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बौर येथे पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्या पिंपळे सौदागरात मॅन यांनी जमिनीचे तुकडे मोजले, ते गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावले आहे. म्हणजे शतकापूर्वी अभ्यासाचा विषय असलेले गाव आज पाणी मागणाऱ्या बाजूला उभे आहे, आणि पाण्याच्या उगमाकडची गावे अभ्यासावाचून राहिली आहेत.

नळ टाकावा की टाकू नये, हा निर्णय लोकप्रतिनिधींनी घ्यावा. परंतु नदीकाठी उपसा करणारी कुटुंबे किती, उन्हाळ्यात त्यांच्या विहिरींची पातळी काय, विस्थापितांपैकी कोणाला जमीन मिळाली, कोणाला मिळाली नाही आणि मिळाली असल्यास ती कसण्याजोगी आहे काय, या प्रश्नांची उत्तरे निर्णयाआधी सर्वांसमोर असावयास हवीत. ती नसली की दोन्ही बाजूंना अफवा आणि आवेश यांखेरीज हाती काही राहत नाही.

लोणावळ्याचे घ्या. २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार भरली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही; त्यामुळे दीर्घ काळ त्याच आकड्यावर विसंबावे लागले. पण आकडा नवा असता तरी त्याने लोणावळा कळला नसता. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी येणारा लोंढा त्यात नाही. वर्षातून चार-सहा आठवडे उघडणारे बंगले त्यात माणसांच्या रूपाने नाहीत. पाणी, कचरा, रस्ते आणि रुग्णालय मात्र या सर्वांना पुरावे लागते. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. दुर्घटना, मग हळहळ, मग मनाईहुकूम आणि मग पुढचा पावसाळा, असा हा क्रम आहे. मनाईहुकूम आवश्यक असेलही. परंतु माणसे कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने आणि किती संख्येने येतात, गर्दीवर कणसे आणि चहा विकून चार महिन्यांची बेगमी करणारी घरे किती, हे मोजले असेल तर हुकुमाऐवजी धोरण आखता येते. एका विद्यार्थ्याने एका वाटेवर चार रविवार उभे राहून केलेली मोजणीही या कामी उपयोगी पडेल.

बंद दाराची नोंद

सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद, उदाहरण कातकरी वाड्यांचे आहे. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जमातींसाठी स्वतंत्र महाअभियान सुरू केले. घर, रस्ता, पाणी, कागदपत्रे असे त्याचे स्वरूप आहे. उद्देश उत्तमच. परंतु योजनेत येण्याआधी यादीत यावे लागते आणि यादीत येण्यासाठी पाहणी करणाऱ्याला घरात माणूस भेटावा लागतो. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि मृगाच्या तोंडावर परततात. पाहणी फेब्रुवारीत झाली तर ‘घर बंद’ असा शेरा पडतो. पाहणी जुलैत करावी तर नाणे मावळातील आडवाटेच्या वाडीपर्यंत पोचणे जिकिरीचे. म्हणजे अधिकारी सोयीने फिरतो तेव्हा कातकरी वाडीत नसतो, आणि कातकरी वाडीत असतो तेव्हा अधिकाऱ्याची सोय नसते.

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ग्रामीण पाहण्यांतील अशा दोषांची चिकित्सा केली. पाहणी करणारा पक्क्या रस्त्यालगत जातो, कोरड्या हंगामात जातो, पुढारी आणि पुरुष यांच्याशी बोलतो, आणि जेथे प्रकल्प चालू आहे तेथेच थांबतो. परिणामी सर्वांत गरीब माणूस पाहणीतून निसटतो. मावळात हा दोष नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो: द्रुतगती महामार्गावरून दिसते ते मावळ निराळे आणि महामार्गावरून न दिसणारे मावळ निराळे. नमुना निवडताना हंगाम, अंतर आणि बोलणारा कोण, या तीन गोष्टींचा विचार करणे म्हणजेच संशोधनपद्धती. हे फळ्यावर शिकवून एक तास लागेल. बंद दारासमोर उभे राहून एक क्षण पुरेल.

काय करता येईल?

पहिली सूचना सातत्याची आहे. आज प्रत्येक विद्यार्थी आपला स्वतंत्र विषय घेतो, पन्नास जणांकडून प्रश्नावली भरून घेतो, शेकडेवारी काढतो आणि प्रबंध कपाटात जातो. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करतो. त्याऐवजी लोणावळा, तळेगाव आणि वडगाव परिसरातील महाविद्यालयांनी तालुक्यातील गावे आपसांत वाटून घ्यावीत. एक सामाईक पत्रक ठरवावे. दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने एक वाडी पुरी करावी आणि काही वर्षांनी त्याच वाडीची फेरपाहणी व्हावी. हे स्वप्नरंजन नव्हे. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी जे. सी. कुमारप्पा यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली होती. संगणक नव्हता, मोटार क्वचितच होती. शिस्त मात्र होती.

दुसरी सूचना भाषेची. प्रश्नावली इंग्रजीत रचून मग मराठीत उतरवली की ती कोणालाच कळत नाही. ‘कुटुंब’ या एका शब्दाचेच पाहा. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबे किती? ‘वार्षिक उत्पन्न किती’ असे भातशेती करणाऱ्या बाईला विचारले, तर जे पिकले ते घरात खाल्ले, हे उत्तर खरेच असते. त्याचे रुपये करावयाचे काम अभ्यासकाचे आहे. तसा मराठीत समाजशास्त्रीय लेखनाचा दुष्काळ नाही. ‘समाज प्रबोधन पत्रिके’ची परंपरा आहे, सुलभा ब्रह्मे यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्यभर मराठीतून पुस्तिका लिहिल्या. उणीव आहे ती मराठीतून पद्धती शिकवणाऱ्या, आपल्या गावांतील उदाहरणे देणाऱ्या क्रमिक पुस्तकांची. विद्यापीठाने हे काम अनुभवी प्राध्यापकांवर सोपवावे.

तिसरी सूचना नीतीची. माहिती देणारा माणूस आपला वेळ, कित्येकदा आपली रोजंदारी खर्च करून बोलतो. वीटभट्टीवाल्याकडून किती उचल घेतली हे त्याने सांगितले आणि ते नावानिशी छापले गेले, तर पुढच्या हंगामात त्याला काम मिळणार नाही. संमती घेणे, नाव झाकणे आणि अहवालाचा सारांश ग्रामसभेत वाचून दाखवून लोकांच्या दुरुस्त्या स्वीकारणे, ही या विद्येची सभ्यता आहे. गुण देताना तिचाही विचार व्हावा.

आक्षेप आणि उत्तरे

यावर तीन आक्षेप येतील. पहिला प्राध्यापकांचा: वर्ग मोठे, जागा रिक्त, वर प्रकल्पांचे मार्गदर्शन; हे व्हावे कसे? आक्षेप रास्त आहे. एका शिक्षकाने चाळीस प्रकल्प पाहावयाचे असतील तर त्याने सहीच करावी, दुसरे काही त्याला शक्य नाही. म्हणून रिक्त जागा भरणे आणि क्षेत्रकार्याचा वेळ अध्यापनाच्या कार्यभारात धरणे, या दोन गोष्टी शासनाने केल्याच पाहिजेत. अनिवार्यता घोषित करून साधन न देणे म्हणजे विहीर दाखवून पोहरा लपवणे होय.

दुसरा आक्षेप पालकांचा: याने नोकरी मिळेल काय? नोकरीची हमी कोणतीच पदवी देत नाही. पण यादी तपासणे, माहिती गोळा करणे, तिच्यातील चूक ओळखणे आणि चार पानांत सरळ अहवाल लिहिणे, हे कसब जिल्हा परिषदेपासून बँकेपर्यंत आणि नगरपरिषदेपासून स्वयंसेवी संस्थेपर्यंत सर्वत्र लागते. कारकुनाची नोकरी करणाऱ्यालाही ते लागते. समोरच्या कागदावरील ओळीमागे माणूस आहे, हे ज्याला कळते तो कारकून निराळा असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: सरकार ऐकते कोठे? याचे उत्तर इतिहासात पाहावे. दांडेकर-रथ यांनी दारिद्र्यावर उपाय म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा विचार मांडला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला आली; वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला; १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. हे एका प्रबंधाने घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुष्काळ होता, मोर्चे होते, राजकीय इच्छा होती. परंतु मागणी उभी राहिली तेव्हा तिच्यामागे आकड्यांचे आणि विचाराचे बळ तयार होते. योजना सुरू झाल्यावर तिच्या दोषांची पाहणीही पुढे अभ्यासकांनी केली. धोरणाला जन्म देणे आणि मग त्याला प्रश्न विचारणे, दोन्ही कामे अभ्यासकाचीच.

सरकार ऐकत नाही म्हणून अभ्यास थांबवणे, म्हणजे न्याय उशिरा मिळतो म्हणून साक्ष देणेच सोडून देण्यासारखे आहे. मावळात उद्या नवा रस्ता येईल, नवे धरण किंवा नवी वसाहत येईल. त्या दिवशी वडगावच्या तहसील कचेरीत एका बाजूला शासनाची यादी असेल. दुसऱ्या बाजूला गावकऱ्यांच्या हाती त्यांच्याच मुलांनी, शास्त्रशुद्ध रीतीने, वर्षानुवर्षे केलेली नोंद असावी. दोन्ही याद्या जुळल्या तर उत्तमच. न जुळल्या, तर कोणते घर बंद राहिले होते याचा शोध तेथून सुरू होईल. पदव्युत्तर शिक्षणावर समाज जो पैसा खर्च करतो, त्याची एवढी परतफेड मागण्याचा अधिकार समाजाला निश्चितच आहे.